परतीची चावी

व्यंकटराव औरंगाबादेला पी.डब्ल्यू.आय. होते, म्हणजे रुळांचे डॉक्टरच म्हणा ना! आणि रोगी कसला, तर निजामाच्या अमदानीत टाकलेला मीटरगेजचा एकेरी मार्ग. रूळ झिजलेले, त्यांखालचे लोखंडी स्लीपर गंजलेले, पावसाळ्यात खडी खचलेली. पासष्ट सालच्या सप्टेंबरात लढाई जुंपली आणि या म्हाताऱ्या रुळांवरून फौजेच्या गाड्या सुटल्या. तोफा, ट्रक, जवान, सगळं सिकंदराबादहून मनमाडकडे. नवे रूळ मागितले की वरून उत्तर यायचं, आहे त्यात भागवा. व्यंकटराव भागवत होते.

त्यांच्या जिवाला घोर होता तो वेगळाच. धाकटा भाऊ श्रीनिवास तोफखान्यात होता. आईवडील लवकर गेले, पोराला व्यंकटरावांनीच न्हाऊमाखू घालून वाढवलं. त्याची पलटण सिकंदराबादला, म्हणजे आज ना उद्या तोही याच रुळांवरून जाणार. तो धडधाकट परत यावा, एवढं एकच मागणं देवभोळेपणाला हसणाऱ्या त्या माणसाच्या मनात होतं.

एका सकाळी बन्सी मुंडासं सावरत, धापा टाकत ऑफिसात आला. बन्सी चावीवाला, रोज हातोडा खांद्यावर टाकून रूळ तपासत चालायचं हे त्याचं काम.

"साहेब, मिटमिट्याच्या वळणावर चला जरा. इपरीत झालंय."

"रूळ तुटला?"

"नाय. तुटला असता तर बरं व्हतं, सांगता तरी आलं असतं."

व्यंकटराव ट्रॉलीवरून गेले. वळणावर उभं राहिलं की समोर दौलताबादचा किल्ला दिसतो, खाली ज्वारीची रानं. सगळं जिथल्या तिथं होतं. बन्सीनं फक्त खाली बोट दाखवलं.

रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवतं ते पाचरीसारखं लोखंड म्हणजे चावी. ती ठोकायची रीत ठरलेली. एकेरी मार्गावर गाड्या दोन्हीकडून येतात, म्हणून एक चावी मनमाडकडे तोंड करून ठोकायची, तर शेजारची जालन्याकडे. जाणाऱ्या गाडीनं एक सैल झाली तरी दुसरी धरून ठेवते. आणि इथं वळणावरच्या झाडून साऱ्या चाव्या मनमाडकडे तोंड करून बसल्या होत्या. जिथून गाड्या फक्त जातात आणि परत येत नाहीत, तिथं ठोकतात तशा.

घातपात म्हणावं, तर घातपात करणारा चाव्या काढून नेईल, घट्ट कशाला ठोकेल? व्यंकटराव उकिडवे बसले. चावीच्या डोक्यावर घावाची खूणही नव्हती. गंज जसाच्या तसा. रात्रभर तिथं बंदूकधारी पहारा होता, त्यांनी हातोड्याचा आवाज ऐकला नव्हता.

गँग लावून त्यांनी चाव्या रीतीप्रमाणे करून घेतल्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळ्या मनमाडकडे.

आता खरं सांगायचं तर माणसानं घाबरायला हवं होतं. पण व्यंकटरावांचा पिंडच चौकस. त्यांना जेवण गोड लागेना ते कुतूहलानं! त्यांनी निळी पेन्सिल घेऊन प्रत्येक चावीवरून थेट रुळापर्यंत रेघ ओढली. चावी हलली तर रेघ तुटणार, साधा हिशेब. सकाळी जाऊन बघतात तो चावी फिरलेली आणि रेघ अखंड. त्यांनी भिंग लावून पाहिलं. रेघ कुठं जोडल्यासारखीसुद्धा दिसेना.

"अरे, कमाल आहे!" ते आपल्याशीच म्हणाले.

बन्सी तंबाखू मळत उभा होता. "माझा बाप हितंच चावीवाला व्हता, साहेब. पोलीस ॲक्शनच्या साली फौजा भरून गाड्या गेल्या, तवा बी अशाच फिरल्या व्हत्या म्हणायचा."

"मग त्यानं काय केलं?"

"काय करनार? सरळ केल्या. पुन्हा फिरल्या."

"आणि त्या गाड्या?"

बन्सीनं चिमूट ओठात धरली.

"गाड्या तेवढ्या आल्या की परत," तो म्हणाला.

त्या दिवसापासून व्यंकटरावांचं कुतूहल होतं तसंच राहिलं, पण त्याच्या तळाशी काहीतरी गार येऊन बसलं.

फौजेच्या गाड्यांचा मामला गुप्त असायचा म्हणे. पण रेल्वेवाल्यांपासून गाडी लपवायची म्हणजे मांजरापासून दूध. श्रीनिवासची गाडी सकाळी येणार हे त्यांना आदल्या दिवशीच कळलं. इंजिनाला पाणी घ्यायला ती औरंगाबादेला थांबणार होती.

"अहो, तुम्ही स्टेशनावर येणार ना?" दमयंतीबाई धपाटे डब्यात भरत म्हणाल्या. श्रीनिवास त्यांचा लाडका दीर.

"तू भेट त्याला. मी वळणावर असेन."

"भाऊ लढाईवर निघालाय आणि तुम्ही रूळ बघत बसणार?"

व्यंकटराव पायात बूट चढवून निघाले. काय सांगणार, कपाळ?

वळणावर चाव्या तशाच होत्या. पहारेकरी नाष्ट्याला पलीकडच्या लिंबाखाली गेले होते. बन्सी आणि ते, दोघंच. औरंगाबादेकडून शिट्टी ऐकू आली. गाडी सुटली होती.

व्यंकटरावांनी बन्सीच्या हातातला हातोडा घेतला. इंजिनियरिंग शिकलेल्या माणसानं एक चावी ठोकून बाहेर काढली, उलटी केली आणि जालन्याकडे, म्हणजे परतीकडे तोंड करून घट्ट बसवली. मग बन्सीची चुन्याची डबी मागून घेतली आणि बोटानं तिच्यावर पांढरा ठिपका लावला. श्रीनिवास, ते मनात म्हणाले. फक्त मनात.

बन्सीला सगळं कळलं. "अजून दोन-चार फिरवतो की, साहेब. येळ हाय."

"राहू दे."

"पोरं लई हैत गाडीत."

"राहू दे म्हटलं ना! चल, बाजूला हो."

गाडी आली. झिजले रूळ कण्हले, वाकले, पण त्यांनी धरून ठेवलं. एका डब्याच्या दारात श्रीनिवास उभा होता, खांद्याला खांदा लावून त्याच्या तोफेवरची पोरं. भावाला बघून त्यानं धपाट्यांचा डबा उंच धरून दाखवला. पोरं हसली. त्यांतल्या एकानं व्यंकटरावांनाच सलाम ठोकला.

दुसऱ्या सकाळी सगळ्या चाव्या पुन्हा मनमाडकडे होत्या. चुन्याच्या ठिपक्याची तेवढी जालन्याकडेच राहिली होती.

युद्धबंदी झाली आणि चाव्या फिरायच्या थांबल्या. कशा थांबल्या, हे व्यंकटरावांनी शोधलं नाही. त्यांनी आता शोधणंच सोडलं होतं. बन्सीची परभणीला बदली झाली. थंडी सरता सरता तार आली आणि श्रीनिवास औरंगाबादेच्या स्टेशनावर उतरला, अंगावर ओरखडासुद्धा नसलेला! व्यंकटरावांनी त्याला भर फलाटावर मिठी मारली आणि रडले. टांग्यातून थेट घरी आणलं.

दमयंतीबाईंनी धपाटे केले होते. श्रीनिवास गुमान जेवत होता.

"तोफेवरची मंडळी कुठं उतरली रे?" व्यंकटरावांनी सहज विचारलं.

"तोफेवर आता मी एकटाच आहे, दादा."

दमयंतीबाईंचा वाढणारा हात थांबला.

श्रीनिवासनं मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता. लहानपणी गणित अडलं की तो असाच दादाकडे बघायचा.

"तो मुंडासंवाला म्हणत होता ना, अजून दोन-चार फिरवतो म्हणून. वेळही होता. मग का नाही फिरवू दिल्यास?"

श्रीनिवासनं धपाट्याचा तुकडा मोडला.

"वहिनी," तो म्हणाला, "दही आहे का थोडं?"