दोरी हवेत असते तेव्हा

माझ्या कुत्र्यानं, बिस्किटनं, मताऊरा नदीत उडी मारली ती थेट एका माणसाच्या पुढ्यात. तो गुडघाभर पाण्यात वाकून अगदी निश्चल उभा होता. पाणी उसळलं, खालून एक काळी सावली सर्रकन निघून गेली, आणि तो सावकाश सरळ झाला.

"नाव काय याचं?" त्यानं विचारलं.

"बिस्किट."

"बिस्किटला सांग, त्या माशाच्या मागे मी चाळीस मिनिटं होतो."

मी माफी मागू लागले. पण तो रागावलेला नव्हताच. गळाची ओली माशी वाळवायला त्यानं मासेमारीची काठी उचलली — आणि मी बोलायची थांबले. दोरी त्याच्या डोक्यावरून मागे गेली, हवेत लांबच लांब उलगडली, क्षणभर तिथंच आडवी राहिली, मग पुढे आली... आवाज नाही, जोर नाही. तिच्या टोकाला गळावर पिसं बांधून केलेली खोटी माशी होती. ती पाण्यावर टेकली तेव्हा तरंगसुद्धा उठला नाही. माणसाच्या हातून असं काही होतं, हे चोवीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मला शिकवशील?"

"उद्या रग्बीच्या मैदानावर ये. नदीवर नको."

"का?"

"माशांना हसू आवरणार नाही."

त्याचं नाव हेमी. नदीचं पाणी मोजायची त्याची नोकरी. आणि मी कर्स्टी, मेंढ्यांच्या शेडमध्ये लोकर निवडणारी. कातरणाऱ्याच्या हातून लोकर सुटली की उचलायची, टेबलावर झटक्यात पसरायची, खराब कडा तोडायच्या, की लगेच पुढची. आमच्याकडे जो थबकला, तो शिव्या खातो.

मैदानावर हेमीनं गळाऐवजी लाल लोकरीचा झुपका बांधला. पहिल्या दिवशी दोरी माझ्या गळ्यात अडकली, दुसऱ्या दिवशी गोलपोस्टात. हेमी सांगायचा, वजन माशीत नसतं, दोरीत असतं; ती पाठीमागे पुरती सरळ होऊ दे, मगच पुढे आण. मी दर वेळी आधीच ओढायचे आणि चाबकासारखा फटका वाजायचा.

"मेंढ्या हाकतेयस का?" तो म्हणायचा.

मग एकदा त्यानं विचारलं, मनगट धरू का? मी हो म्हणाले. त्याची बोटं गार होती. दोरी मागे गेली. "आता काही करू नकोस," तो हळूच म्हणाला. मी काहीच केलं नाही... श्वाससुद्धा घेतला नाही.

नवव्या संध्याकाळी मी एकटीनं काठी मागे नेली, थांबवली, मान वळवून पाहिलं. दोरी आकाशात उलगडत होती, माझी दोरी! ती सरळ झाली तशी एक हलकी ओढ काठीतून माझ्या तळहातात उतरली, कुणीतरी पलीकडून बोट धरावं तशी. मी हात पुढे आणला. लाल झुपका गवतावर अलगद टेकला. माझे डोळे भरून आले. हेमी शाबासकी द्यायच्या भानगडीत पडला नाही. गवतावर बसला आणि म्हणाला, "उद्या नदीवर."

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. एप्रिलच्या वीस तारखेला मी पर्थला निघणार होते, तिथल्या शेडमध्ये सहा महिने. रोज सांगायचं ठरवून जायचे आणि भलताच विनोद सांगून परत यायचे.

दुसऱ्या दिवशी दुपार ढगाळ होती, बारीक भुरभुर होती. आम्ही पाण्यात उतरलो आणि नदीतून खऱ्या माश्या उमलू लागल्या. हजारोंनी... करडे पंख उभे करून प्रवाहावरून वाहत येणाऱ्या. त्यांच्यामागून मासे वर आले. जिकडे पाहावं तिकडे पाण्यावर नाकं, वळसे, शेपट्या. हेमीनं टोपी काढली. इथंच जन्मलो, तरी दरवर्षी असाच उभा राहतो, म्हणाला.

त्यानं बोटानं एक मासा दाखवला. मी दोरी टाकली. माशी वाहत गेली. खालून सोनेरी, ठिपकेदार असा तो ट्राउट उठला. घाई नाही, भीती नाही. त्यानं तोंड उघडलं, माझी माशी घेतली, चाखली आणि थुंकून टाकली.

"कर्स्टी, अशा वेळी काठी उचलून गळ रुतवायचा असतो."

"माहितीय. पण तो एवढा... मी बघतच राहिले."

हेमी हसला नाही. आणि माझ्या तोंडून निघालंच — "मी वीस तारखेला पर्थला चाललेय. सहा महिने."

"ठाऊक आहे. बेकरीवालीनं सांगितलं. पेट्रोलपंपावरही कळलं. सगळ्यांनी सांगितलं, तू सोडून."

"मग विचारलं का नाहीस?"

त्यानं दोरी गुंडाळायला घेतली. ती त्याच्याच बोटांत गुंतली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"विचारलं असतं तर 'जाऊ नकोस' असं तोंडून गेलं असतं. तुझं काम आहे, तू जा. पण... गोलपोस्टाशी भांडत होतीस ना, तेव्हापासून मला तू आवडतेस. एवढं ऐकून जा."

मी पाण्यातून त्याच्याकडे चालत गेले. प्रवाह गुडघ्यांना ढकलत होता.

"नोव्हेंबरात परत येते," मी म्हणाले.

"इथली मेंढ्यांची कातरणी तर डिसेंबरात सुरू होते."

"म्हणूनच. मधला महिना मोकळा."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्यानं माझा हात धरला. या वेळी न विचारता. आमच्या चारी बाजूंना मासे वर येत होते, वर्षातून एकदाच येतात तसे, आणि हेमी त्यांच्याकडे पाठ करून उभा होता.