दर चौरस मीटरला सहा

झुलेवाडी मनोरंजन उद्यानाच्या नियंत्रण कक्षात एका भिंतीभर चौदा हजार हिरवे ठिपके हलत होते. एक ठिपका म्हणजे एक माणूस. जमिनीखाली बसवलेले पदसंवेदक पावलांचा भार टिपत आणि कुठे किती दाटी झाली आहे ते या घनतापटावर उमटवत. डॉ. शालन हुपरीकर खुर्ची न घेता पटासमोर उभ्या होत्या. दुपारचे पावणेचार वाजले होते.

पोलीस उपअधीक्षक मुजावर यांनी एक कागद त्यांच्यापुढे धरला. तीन वाजता आलेली धमकी होती. ‘झुलेवाडी. आज साडेपाच. दर चौरस मीटरला सहा.’

“पहिल्या दोन ओळी कळल्या,” मुजावर म्हणाले. “तिसरीसाठी तुम्हाला बोलावलं. याच माणसानं महिन्याभरात दोन उद्यानांत धमकी दिली. एक्केचाळीस माणसं गेली. पण स्फोट एकदाही झाला नाही. दारूगोळ्याचा कणही सापडला नाही.”

“सापडणार नाही,” शालन हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीच असा, समोरच्याने जरा पुढे झुकून ऐकावा असा. “बॉम्ब नाहीच आहे, साहेब. बॉम्ब म्हणजे ही माणसं.”

उद्यानाचे व्यवस्थापक खामकर घाम पुसत होते. ते थांबले. “मॅडम, जरा आमाला समजंल असं सांगा की.”

“चौरस मीटरभर जागेत चार माणसं असली तर ती आपल्या मनानं चालतात. सहा झाली की अंगाला अंग लागतं. मग कुणी चालत नाही, गर्दीच वाहते. मागच्यानं दिलेला धक्का पुढे लाटेसारखा जातो. तिला आम्ही दाबलहर म्हणतो. तिच्यात माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. कुणी कुणाला मारलेलं नसतं.”

“म्हंजे पळापळ झाली की सहा होतात?”

“तीच तर अडचण आहे. एका दिशेनं निघालेली गर्दी सहसा पाचापर्यंत जाते. धडपड होते, हात-पाय मोडतात. सहाचा आकडा येतो तो समोरून दुसरा लोंढा आला तर. आणि त्या दोन्ही उद्यानांत सगळे एकाच दिशेनं, दाराकडेच पळाले होते. मग सहा झाले कसे, ते मला अजून उमगलेलं नाही.” त्यांनी कागदावर बोट ठेवले. “एवढं कळतंय की हा आकडा माझ्या प्रयोगशाळेतला आहे. चौघांनी माझ्याकडे या विषयात संशोधन केलं. तिघं परदेशात आहेत. चौथा परिमल गुंजाळ.”

“तो कुठं असतो?”

“सहा वर्षांपूर्वी त्याला मी काढून टाकलं. त्याला खऱ्या माणसांवर प्रयोग करायचे होते.”

मुजावरांनी नाव लिहून घेतले आणि हवालदाराला परिमलचा फोटो मागवायला पाठवले. उद्यानाला बाहेर पडायची वाट एकच होती, ओढ्यावरचा अरुंद पूल. साडेपाचला धमकी सगळ्यांच्या फोनवर जाणार, आधी दोन्ही ठिकाणी तसेच झाले होते.

“आत्ताच सगळ्यांना बाहेर काढू, नाहीतर नेटवर्क बंद करू,” मुजावर म्हणाले.

“लोक पुलावर निघालेले दिसले की तो संदेश आधीच सोडील. आणि नेटवर्क दुसऱ्या उद्यानात संदेशानंतर बंद केलं होतं ना? फोन मुके झाल्यावर लोक जास्तच घाबरले. संदेश येऊ दे. तो येईल तेव्हा माणसं खाली बसलेली हवीत. बसलेली माणसं वाहत नाहीत.”

खामकर हसले, पण त्यात आनंद नव्हता. “चौदा हजार माणसं, मॅडम. साडेपाचशेचं तिकीट काढून आल्यात. झुला सोडून मातीत कशाला बसतील?”

शालन पटावर एक जागा बघत होत्या. मधले मोठे पटांगण, पुलाच्या अलीकडचे. मग त्यांनी विचारले, “या भागात इतकी माणसं एकदम खाली कधी बसतात?”

“कधी म्हंजे... जेवायला. पंगतीला.” खामकरांचे डोळे बारीक झाले. “आज शेजारच्या गावात भैरोबाचा भंडारा हाय. वीस हजाराचा सैपाक. खीर, आमटी-भात. कढया चुलीवरच असतील.”

“सरपंचांना फोन लावा.”

खामकरांनी लावला. पलीकडचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू आला. “चौदा हजार पाव्हणं? आन् आत्ता सांगतोस व्हय रं? बरं, वाढपी पण आमचंच येतील. तुज्या त्या टोपीवाल्या पोरास्नी वाढायला जमायचं न्हाई.”

साडेचारला सगळे झुले थांबले. भोंग्यावरून भंडाऱ्याचे आवतण गेले. लोक थोडे कुरकुरले, पण झुले बंद आणि आमटीचा सुटलेला वास, म्हटल्यावर पाय आपोआप पटांगणाकडे वळले. ओळी धरून माणसे बसू लागली. शालननी वाढप्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. घाई करायची नाही. आधी पत्रावळ, मग मीठ, मग लिंबू, मग चटणी. श्लोक सव्वापाचला. तोवर कुणी घास घेणार नाही.

“बॉम्ब खरंच असला तर?” मुजावरांनी खालच्या आवाजात विचारले. “तुम्ही चौदा हजार माणसं एका जागी बसवलीत.”

“असला तर मी दोषी. कुत्री दोनदा फिरवलीत ना तुम्ही?”

“तीनदा.”

“मग आता माझ्यावर सोडा.”

पाच वाजून पंचवीस मिनिटे झाली. पटावरचे ठिपके एकेका ओळीत असे स्थिर झाले होते, जणू द्रव गोठून स्फटिक व्हावा. दर चौरस मीटरला दीड. वाहत्या पाण्यात एखादा थेंब शोधता येत नाही. पण स्फटिकातला ढळलेला कण लगेच डोळ्यांत भरतो. वाढपी ओळींमधून फिरत होते, पण ओळींबाहेर, उत्तरेच्या बाजूला एकच ठिपका चालत होता. तो पुलाकडे येत नव्हता. तो उलटा, आकाशपाळण्याच्या उंच चौथऱ्याकडे निघाला होता.

“साहेब, गर्दीचं काय होणार हे ज्याला आधीच माहीत आहे, तोच गर्दीपासून उंच जागेकडे जाईल,” शालन म्हणाल्या.

मुजावरांनी वायरलेस उचलला.

साडेपाचला चौदा हजार फोन एकदम थरथरले. ‘उद्यानात बॉम्ब. पळा.’ पटांगणात कुजबूज झाली आणि तिचा गलका झाला. माणसे उठली. मुले उचलली गेली. शालननी पटावरचा आकडा पाहिला. दोन. दोन पूर्णांक दोन.

आणि तिथेच तो थांबला.

खामकर खिडकीशी होते. “मॅडम, पळंनात की हो. चालत्यात.”

पळणार कुठून? प्रत्येकापुढे वाढलेले पान होते. घाबरलेला माणूससुद्धा अन्नावर पाय द्यायला धजत नव्हता. दोन ओळींमधल्या वाढप्यांच्या वाटेने, एकामागे एक, माणसे पुलाकडे निघाली होती. तरातरा पुढे घुसणाऱ्या एका गृहस्थाला वाढणाऱ्या म्हातारीने पळी आडवी धरून थोपवले. “पान तुडवून जातुयास? तुज्या एकट्याचाच जीव हाय का?” तो खाली मान घालून रांगेत आला.

दहा मिनिटांत परिमल गुंजाळला कक्षात आणले. हडकुळा, नीटनेटका, हाताला बेड्या. त्याच्या खिशात फोन आणि दुर्बीण सापडली होती, बाकी काही नाही. त्याने आधी पटाकडे बघितले आणि मग शालनकडे.

“पंगत,” तो म्हणाला. “सुचलं नव्हतं मला. नमस्कार, मॅडम.”

“बॉम्ब कुठं ठेवलाय?” मुजावरांनी विचारले.

“ठेवलेला नाही. मॅडमनी सांगितलंच असेल. लिहून देतो, सही करतो.” त्याने हात पुढे केले. “त्या माणसांना घाबरवून आता काय करायचंय? मी सापडलो, सांगून टाका त्यांना. धोका टळला म्हणावं. म्हातारी माणसं आहेत त्यांच्यात.”

खामकरांचा चेहरा उजळला. त्यांनी भोंग्याचा माईक ओढलाच होता. “देव पावला. आत्ता सांगतो.”

शालनचा हात माईकवर पडला. एरवी कुणालाही धक्का न लावणाऱ्या या बाईंनी माईक हिसकावून घेतला होता.

“थांबा. साहेब, आधीच्या दोन उद्यानांचे घनतालेख दाखवा. लोक दगावले ती वेळ कोणती?”

मुजावरांनी नोंद काढली. “धमकी चार वाजता. सहाचा आकडा... चार वाजून अकरा मिनिटांनी. दुसरीकडेही तसंच, अकराव्या मिनिटाला.”

“आणि धोका नाही असं कधी जाहीर केलं?”

त्यांनी कागद उलटला. वाचायला त्यांना वेळ लागला. “चार वाजून दहा मिनिटांनी. दुसरीकडेही दहाव्याच मिनिटाला.” मग, “कुणीतरी फोन करून कळवलं होतं की धमकी खोटी आहे. आम्हीच भोंग्यावरून सांगितलं.”

शालननी परिमलकडे पाहिले. तो पटाकडे पाहत होता.

“भीतीनं सगळे एका बाजूला जातात,” त्या म्हणाल्या. “दिलासा मिळाला की पुढचे मागे फिरतात. राहिलेली पिशवी, चुकलेलं माणूस, हुकलेला झुला. मागच्यांना अजून ऐकू गेलेलं नसतं, ते पुढेच रेटत असतात. दोन लोंढे दारात भेटतात. याचं हत्यार धमकी नव्हती, साहेब. ती नुसती तयारी. हत्यार तुम्ही चालवलंत, चांगल्या मनानं.”

“अकरा मिनिटं लागतात,” परिमल शांतपणे म्हणाला. “तुमच्याच सूत्रातून निघतं. तुम्ही शेवटपर्यंत सोडवलं नव्हतं.”

“सोडवायला माणसं मारावी लागणार होती.”

पुलावर त्या वेळी तीनशे माणसे होती. मागे पटांगणात अजून अकरा हजार. खामकर हळूच म्हणाले, “मग त्यास्नी तसंच भीत ठेवायचं? पल्याड गेलेल्यांना तरी सांगू का?”

“पलीकडचा पहिला माणूस आतल्या आपल्या माणसाला फोन करील. नाही. शेवटचा माणूस पूल उतरेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही.”

“पाऊण तास लागंल.”

“लागू दे.”

त्यांनी माईक तोंडाशी घेतला. त्यांचा आवाज भोंग्यातूनही हळूच आला, म्हणून पटांगण ऐकायला गप्प झाले. “पहिल्या दोन ओळींनी चालावं. बाकीच्यांनी आपल्या पानाशी बसावं. मागे कुणी फिरू नये. मी तिथेच येते आहे.”

बॉम्ब नाही, असे त्या बोलल्या नाहीत. आहे, असेही नाही.

पटांगणाच्या कडेला त्या पोचल्या तेव्हा मागच्या ओळी पुन्हा पानांशी बसल्या होत्या. सातव्या ओळीतली एक लेकुरवाळी बाई त्यांच्यावर उखडली. “ओ बाई, दोन ल्योकरं हाईत माजी. बॉम्ब हाय का न्हाई, तेवढं तरी सांगा. हाय म्हणा नायतर न्हाई म्हणा.”

‘नाही’ एवढा एक शब्द सांगितला असता तर त्या बाईची भीती गेली असती. शालन तिच्याशेजारी मातीत मांडी घालून बसल्या. धाकट्याला त्यांनी मांडीवर घेतले.

“तुमची ओळ उठली की मी तुमच्याबरोबर उठते,” त्या म्हणाल्या. “तोवर इथेच आहे.”

बाई त्यांच्याकडे रागाने बघत राहिली. पुढे तिसरी ओळ उठली.