धक्क्यावरचा मेन स्विच

भाजीची पिशवी विसरली म्हणून मयूरा अर्ध्या वाटेवरून परत आली, तो काय... धक्क्यावरच्या विजेच्या खांबाशी पिवळा रेनकोट घातलेला एक उंच माणूस उभा, आणि त्याचा हात थेट ती राहत असलेल्या बोटीच्या मेन स्विचवर!

"अरे ए! काय करतोयस?"

घाबरली की तिच्या तोंडून मराठीच निघायचं. ॲडलेडमध्ये सात वर्षं काढूनही ही सवय गेली नव्हती.

माणूस दचकला. वळला. पापण्यांवर पावसाचे थेंब, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"मी... गंधार. शेजारच्या बोट-यार्डात इलेक्ट्रिशियन आहे. हा स्विच बंद दिसला म्हणून—"

मराठी! या गारठ्यात, या धक्क्यावर! मयूराला इतका आनंद झाला, की तिने त्याचं वाक्य पुरं होऊच दिलं नाही.

"मीच बंद केलाय. घराबाहेर पडताना मेन बंद, ही आमच्या बाबांची शिस्त. वीज मंडळात होते ना! बरं, तू पुण्याचा का? चहा घेशील? आत ये, भिजतोयस."

"हो, पण तुला एक सांगायचं—"

"आधी पोहे खा, मग सांग."

गंधारने दोन बशा पोहे खाल्ले, आणि सांगायचं होतं तेही त्यांच्याबरोबर गिळून टाकलं. बडबड्या मुलीपुढे अबोल मुलाचं दुसरं काय होणार!

बोट मयूराची नव्हती. मेरियन आणि तिचा नवरा यांनी राहतं घर विकून ती घेतली होती. जुनी, लाकडी, पण दोघांचा जीव तिच्यात. जूनमध्ये इथला हिवाळा आला की म्हातारा-म्हातारी उबेसाठी क्वीन्सलँडला जात. सप्टेंबरपर्यंत बोट सांभाळायची आणि तिच्यावरच राहायचं, असं मयूराशी ठरलं होतं. मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीला आणखी काय हवं? मेरियनच्या सूचना एवढ्याच: दर शनिवारी इंजिन चालवायचं, बुरशी पुसायची, दोर तपासायचे. आणि बॅटरीचा चार्जर कधीही बंद करायचा नाही.

चार्जरच्या बटणाला मयूराने बोटही लावलं नव्हतं. फक्त रोज कामाला निघताना ती धक्क्यावरचा मेन बंद करायची. मेनच बंद म्हटल्यावर चार्जरला वीज कुठून मिळणार, हा विचार तिच्या हुशार डोक्यात एकदाही आला नाही. बाबांनी लहानपणी लावलेली सवय, तिला कोण प्रश्न विचारतो?

गंधार मात्र रोज संध्याकाळी काही ना काही निमित्ताने येऊ लागला. एकदा आला, तर हिने थंडीपायी छतावरच्या हवेच्या सगळ्या जाळ्यांत टॉवेल कोंबलेले आणि भिंतींवर ही काळी बुरशी!

"अगं, काढ ते टॉवेल. हवा खेळली नाही तर लाकूड कुजेल."

"आणि मी गारठले तर?"

"तुझ्यासाठी स्वेटर आहे. बोटीला कुठला स्वेटर?"

"म्हणजे तुला बोटीची जास्त काळजी!"

त्याचे कान लाल झाले, आणि व्हिनेगरच्या फडक्याने तो एकच फळी पाच मिनिटं पुसत बसला. दुसऱ्या दिवशी येताना मात्र त्याने एक जाड लोकरी स्वेटर आणला.

शनिवारी इंजिन सुरू केलं, की त्याला थंड ठेवणारं पाणी मागच्या नळीतून बाहेर पडतंय ना, हे बघायचं काम मयूराचं.

"पडतंय का पाणी?" गंधार इंजिनापाशी वाकून विचारायचा.

"पडतंय."

"मागे वळून बघ की जरा. माझ्याकडे बघून कसं कळतं तुला?"

आता कान लाल व्हायची पाळी तिची होती.

असे दहा आठवडे गेले. ऑगस्टमधल्या एका बुधवारी सकाळपासून वारा सुटला होता. दुपारी चारला लॅबमध्ये मेरियनचा फोन आला.

"वादळ आहे म्हणे तिकडे? तू चार्जर चालू ठेवतेस ना, डार्लिंग? प्रोपेलरपाशी पाणी झिरपतं, ते बॅटरीवरचा पंप उपसतो. पण बॅटरी म्हातारी झालीय. चार्जर नसेल तर तीन तासांत मान टाकते. मग पंप बंद, आणि बोट..."

"चार्जर चालूच आहे, मेरि—"

आणि मयूराच्या पायाखालची जमीन सरकली. मेन! आठ तासांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने मेन बंद केला होता!

गाडी तिने कशी चालवली, तिचं तिलाच ठाऊक. काचेवर पाऊस झोडपत होता आणि डोळ्यांसमोर बोटीतली मेरियनची पुस्तकं, लग्नाचे फोटो, विणलेली पांघरुणं तरंगत होती. दोन म्हाताऱ्या जिवांचं सगळं घर आपण बुडवलं... देवा, एवढी बोट वाचव!

ती धक्क्यावर धावत आली. बोट लाटांवर हिंदकळत होती, पण ताठ उभी होती! आणि खांबाशी तोच पिवळा रेनकोट. गंधारचा हात स्विचवर होता, आणि स्विच चालू होता.

"तू... तू कधी लावलास?"

"सकाळी. तू गेल्यावर." त्याने मान खाली घातली. "रोजच लावतो. तू यायच्या आधी बंद करतो."

"रोज?"

"शनिवार-रविवारीसुद्धा. गाडी घेऊन निघालीस की."

मयूरा आत धावली. केबिनची फळी उचलली. तळात जेमतेम वाटीभर पाणी. जीव भांड्यात पडला तिचा. ती तिथेच खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. मग तिने मेरियनला कळवलं, बोट सुखरूप आहे, माझी एक मोठी चूक झाली होती, रात्री सगळं सांगते.

गंधार पायरीवर निथळत उभा होता. आता मात्र ती कडाडली.

"इलेक्ट्रिशियन आहेस ना तू? एक वाक्य सांगता येत नव्हतं? एक दिवस तू आजारी पडला असतास तर?"

"पडलो होतो. ताप होता. तरी आलो."

"पण का? सांगायचंस ना, वेड्या!"

"चुकलंच माझं. पहिल्या दिवशी सांगणारच होतो. मग वाटलं... सांगितलं, की काम संपलं. मग रोज इथे कशासाठी यायचं?"

बाहेर वारा दोर ताणत होता. मयूराचा आवाज आपोआप मऊ झाला.

"आणि सप्टेंबरमध्ये मेरियन आली, मी गेले... मग?"

"तेच आठवून झोप उडालीय माझी." त्याने एक मोठा श्वास घेतला. "मयूरा, तू मला आवडतेस. खूप आवडतेस. एवढंच बोलायला मला दहा आठवडे लागले. तू... सावकाश सांग. नो वरीज."

मयूरा उठली. त्याच्या अगदी जवळ जाऊन तिने त्याचा गार, ओला हात दोन्ही हातांत धरला.

"तुला लागले असतील दहा आठवडे," ती म्हणाली. "मला 'हो' म्हणायला दहा सेकंदही नकोत."