रुपाबाईची कॅशेट

मोबाईल बिघडला आन सारे फोटू गेले, म्हणून एवढा जीव नको जाळू बापू. बस इथंच. लाइन आली का मोटर चालू करू, तवरोक सांगतो. नक्कल करून ठेवा लागते, हे खरं. पन जेवढं असते तेवढंच नकलेत येते, असं नका समजू पोट्टेहो. हे माह्या दोस्तासंगं झालं. त्यानं सांगतलं तसंच सांगतो.

देवमन त्याचं नाव. वाशीमले ठेसनाच्या रस्त्यावर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. साल अठ्ठ्याहत्तर. चैताची अमुशा. पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरून त्याले मोहनसिंगचा निरोप आला. मोहनसिंगचा भोंग्याचा धंदा. लगन असो, सभा असो, जत्रा असो, भोंगे त्याचेच. त्याच्यापाशी चकऱ्यांचा मोठा टेप होता, पेटीएवढा; पट्टी गुंडाळेल थाळीवानी चकऱ्या त्याच्यावर फिरत. धंद्याची सारी गानी त्या चकऱ्यांवर. पन मशीन म्हातारं झालं, पट्ट्या वाळून गेल्या. म्हणून त्यानं नवा लहान कॅशेटचा टेप घेतला आन देवमनले बलावलं. म्हने, "सारं याच्यात भरून दे. मोठं मशीन कवा मरन, सांगता येत नाही."

देवमन सकाळच्या यष्टीनं गेला. तांड्यात लाइन नव्हती, दोन्ही मशीनी भोंग्याच्या बॅटरीवर लावल्या. दोन्ही मशीनले जोडाची तार काही जमली नाही. मंग त्यानं मोठ्या टेपासमोर लहान टेपाचा माइक ठेवला आन दार लावून घेतलं. गानं खोलीत वाजे, माइक ते उचले. असं करा लागलं का खोलीत कोनी खोकलाही नाही पाह्यजे. खोकला त तोही भरल्या जाते.

दिवसभर हेच चाललं. दिवेलागनीले एकच चकरी उरली. मोहनसिंगनं ती धोतराच्या सोग्यानं पुसली, पन हातातून सोडेना.

"ही रुपाची हाय," तो म्हने.

रुपाबाई त्याची बायको. मोठा टेप नवा घेतला त्या सालच्या होळीले तांड्यातल्या बाया अंगनात गायल्या होत्या, आन रुपाबाई पुढं होऊन गानं उचलत होती. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. त्याईची पोरगी हिरी तवा रांगत होती. आता हिरीबाईचं लगन वैशाखात. समज आल्यापासून पोरीनं मायचा आवाज आयकला नव्हता. मोहनसिंगची ते गानं लावाची कवा छातीच झाली नाही.

देवमननं पट्टी उजेडात धरून पाह्यली. "भाऊ, इचा त भुगा होऊन राह्यला. एक खेप वाजन. दुसऱ्यांदा नाही."

"एक खेप बस झाली. पोरीसंगं तिची माय सासरी जाऊ दे."

मोहनसिंग बाहेर वट्यावर जाऊन बसला, कुत्रे भुकू नये म्हणून. भिंतीपल्याड हिरीबाई सयपाक करत होती, तिले भाकरी थापाची बंद कराले सांगतलं. देवमननं नव्या कॅशेटीचा कागद फाडला, कॅशेट घातली, दोन्ही बटनं दाबली.

गानं सुरू झालं. बायाईच्या टाळ्या. त्याच्यावर एक आवाज, बारीक, पन तारेसारखा. देवमन मले म्हने, "जानराव, माह्या अंगावर काटा आला. पन भेवाचा नाही गा. इतकं गोड गात होती ते."

पट्टी फिरे तसा तिचा भुगा खाली झडे.

आन शेवटची ओळ यायच्या आधीच... फट.

तुटली.

देवमन तसाच बसला. लहान टेप बंद कराचं त्याले भानच नाही राह्यलं. माइक रिकाम्या खोलीत चालू. जरा येळानं ध्यानात आलं, मंग त्यानं बटन दाबलं आन झालं म्हणून हाक देल्ली. भिंतीपल्याड भाकरी थापाचा आवाज परत सुरू झाला.

बराबर भरलं का नाही, ते पाहा लागते. त्यानं कॅशेट मांघं घेतली. लावली.

गानं आलं. टाळ्या आल्या. तो आवाज आला. मंग... फट.

आता खरखर यायले पाह्यजे होती. खरखर आली.

आन मंग शेवटची ओळ आली.

टाळ्या नाही. दुसऱ्या बाया नाही. एकटीच गात होती. आन आवाज दूर नव्हता. माइकले ओठ लावल्यावानी.

देवमननं खोलीत चहूकडं पाह्यलं. कोनी नाही. कंदील. मशीन. भुगा.

ओळ सरली. बांगड्या वाजल्या. थोड्याशा.

मंग तिनं इचारलं. त्याईच्या बंजारा भाषेत. देवमनले समजे थोडी थोडी.

"हिरी... जेवली का व?"

...

भिंतीपल्याडून हिरीबाईचा आवाज आला. "जेवते याडी! भाकरी टाकून राह्यली ना!"

याडी म्हंजे माय.

मोहनसिंग वट्यावरून उठला. पोरगी दारात आली. हाताले पीठ.

"कोनाले बोल्ली व?" बापानं इचारलं.

"याडीनं..." म्हने, आन थांबली. तिचा चेहराच उतरला. "बा... ते याडी होती, हे मले कसं समजलं?"

कॅशेट फिरत होती. नुसती खरखर.

मोहनसिंग आत आला. "पुस ते, देवमन."

"भाऊ, चकरीचा भुगा झाला. हे पुसलं त रुपाबाईचा आवाज कुठीच नाही राहत."

"नाही राह्यला त नाही राह्यला. माय इचारत राहीन, पोरगी जवाब देत राहीन. सासरी नांदन कवा मंग? लय साल झाले तिले जाऊन. आता जाऊ दे तिले."

"बा, नको ना," हिरीबाई म्हने.

"पुस."

देवमननं कॅशेट मांघं घेतली. भराचं बटन दाबलं.

बटन जाईना.

आखीन दाबलं. जोर लावला. अंगठा पांढरा पडला. बटन खाली जाईना. जसं खालून कोनी धरून ठेवलं.

मशीन अडकलं असन म्हणून त्यानं कॅशेट बाहेर काढली. कंदिलापाशी नेली. पालटून पाह्यली.

तुमी पोट्ट्याईनं पाह्यली नसन. कॅशेटीच्या पाठीच्या कडेवर पलाष्टिकच्या दोन बारक्या चकत्या राहत. एका बाजूची एक, दुसऱ्या बाजूची एक. ज्या बाजूची चकती तोडली, त्या बाजूवर मंग दुसरं काही भरता येत नाही, आन पुसताही येत नाही. जपून ठेवाची कॅशेट असली का लोक मुद्दाम तोडत.

गान्याच्या बाजूची चकती तुटेल होती.

ते आधीच तुटेल असती, त गानं भरल्याच गेलं नसतं. आन भरल्यावर कॅशेट मशीनच्या बाहेर निघालीच नव्हती.

मोहनसिंगनं पाह्यलं. हिरीबाईनं पाह्यलं. मंग तिनं पिठाच्या हातानं देवमनच्या हातातून ती कॅशेट घेतली, आन बापानं तिले आडवलं नाही.

हिरीबाईच्या लगनाले म्या देवमनसंगं गेलो, तवा तिनं मले दाखवली. म्या सोता हातात घेऊन पाह्यली. नखानं मोडल्यावानी खाच.

दुसऱ्या बाजूची चकती मातर तशीच होती. तिकडं काही भरेल नव्हतं; मोडनाऱ्याले ठाऊक होतं, कोनती बाजू जपाची.