किल्लीची दुसरी प्रत

तिच्या दोन्ही हातांत काँप्युटर होता आणि त्याच्या दोन्ही हातांत चहाचे ग्लास. जिन्याच्या वळणावर मग व्हायचं तेच झालं… अर्धा चहा तिच्या बाहीवर, अर्धा पायरीवर.

"अहो, बघून चाला ना जरा!"

"बघतच होतो. या डब्यामागे कुणी बाईमाणूस आहे हे कसं कळणार?" तो ओशाळून हसला. मग त्याचं लक्ष डब्याकडे गेलं. "आजारी आहे वाटतं?"

"आजारी नाही. गेलाय," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

काँप्युटरसाठी रडणारी मुलगी त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. ग्लास तिथेच पायरीवर ठेवून त्याने डबा तिच्या हातातून घेतला.

जिन्याखालीच त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. ती काम करायची तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथल्या दारावर पाटी नव्हती. मुद्दामच नव्हती. नवऱ्याच्या मारातून निसटलेल्या बायका त्या दाराशी यायच्या. मोठ्या बाई वकील होत्या, त्यांचे खटले लढायच्या. ही त्यांच्या हाताखालची, म्हणून धाकट्या बाई. वयाने बाई म्हणावं अशी ती मुळीच नव्हती, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. आलेल्या बाईचं सगळं ऐकून घ्यायचं, टाइप करायचं, ती आता कुठे लपून राहते ते लिहायचं आणि फाईल काँप्युटरमध्ये कुलूपबंद करून ठेवायची, हे तिचं काम.

काँप्युटरवाल्याने त्या मेलेल्या यंत्राशी खूप झटापट केली. ती दर तासाला काहीतरी निमित्त काढून खाली यायची. शेवटी त्याने हात पुसले.

"फायली तुम्ही नव्या काँप्युटरवर आधीच नेल्या होत्या ना? मग फायली आहेत."

"म्हणजे वाचल्या!"

"आहेत. पण उघडणार नाहीत." त्याने मान खाली घातली. "तुम्ही फायली नेल्या, किल्ली नेली नाही. किल्ली या जुन्यात राहिली. आणि हा तर गेलाच."

"काहीतरी करा ना… कसंही करून."

"चांगल्या कुलपाचं हेच तर असतं. कसंही करून उघडत नाही."

म्हणजे प्रत्येकीला परत बोलवायचं आणि परत सगळं विचारायचं. पहिली आली ती शिवणवाली. आपल्या लहानग्याला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत लपून राहत होती आणि शाळेचे गणवेश शिवून पोट भरत होती.

"परत? सगळं?" एवढंच तिने विचारलं, आणि ती सांगायला लागली.

काँप्युटरवाला तेव्हा पातळ पार्टिशनच्या पलीकडे नव्या यंत्राच्या वायरी जोडत होता. शब्द त्याच्यापर्यंत पोचत नव्हते, आवाज पोचत होता. मग बराच वेळ आवाजही आला नाही. त्याने पकड खाली ठेवली आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. धाकट्या बाई बाहेर आल्या तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"हे कुणाला दोनदा सांगायला लागू नये," तो म्हणाला.

आता आडपडदा कशाला ठेवायचा? त्याच क्षणी तो तिला आवडला. लाल डोळ्यांच्या पुरुषांबद्दल तिने कामावर ऐकलं होतं पुष्कळ, पण ते डोळे वेगळ्या कारणाने लाल झालेले असायचे.

मग त्याने सगळं नव्याने बसवून दिलं. तिच्या टेबलावरच्या काँप्युटरवर, मोठ्या बाईंच्या आणि तिच्या घरच्या.

"हे बघा, कुलूप गावभर वाटायचं," तो शिकवायला लागला की मास्तरांसारखं बोट वर करायचा. "ज्याला तुम्हाला काही पाठवायचंय त्याने तुमचं कुलूप लावून पाठवायचं. किल्ली मात्र फक्त तुमच्याजवळ. आईला नाही, देवाला नाही, मला तर नाहीच नाही."

"तुम्हाला का नाही?"

"मी काय, जिन्यात धडकलेला माणूस!"

किल्ली मेलने पाठवायची नाही, हाताने न्यायची, असा त्याचा हट्ट. म्हणून ती छोट्याशा पेनड्राइव्हवर घेऊन दोघं तिच्या घरी निघाले, आणि नेमका पाऊस आला. छत्री एकच. त्याने ती अख्खी तिच्या बाजूला कलती धरली.

"भिजताय तुम्ही…"

"मी वाळेन. किल्लीला पाणी लागायला नको."

"किल्ली माझ्या पर्समध्ये आहे हो, प्लास्टिकच्या पिशवीत."

"असं? मग… तुम्हाला लागायला नको." आणि तो समोरच्या खड्ड्याकडे भलत्याच लक्षपूर्वक बघायला लागला.

किल्ली उघडायला तिला एक लांबलचक गुप्त वाक्य लागायचं. ती ते टाइप करायला लागली की तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. "झालं?" तो विचारायचा. झालेलं असायचं. तरी ती "नाही" म्हणायची आणि त्याच्या मानेवरचे ओले केस बघत बसायची.

प्रत्येक कुलपाला आपला एक ठसा असतो, अक्षरं आणि आकड्यांची लांब ओळ. मधेच कुणी खोटं कुलूप सरकवलेलं नाही ना, हे बघायला दोघांनी तो फोनवर एकमेकांना वाचून दाखवायचा. हे काम खरं तर एकदाच करायचं असतं. हे दोघं रोज संध्याकाळी करायला लागले.

"अगं, बोला की काहीतरी!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची. "तासभर नुसते आकडेच? आमच्या वेळी निदान हवापाण्याबद्दल तरी विचारायचे!"

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. वरचे सगळे काँप्युटर एकदम बिघडले तर म्हणून फायलींची एक कुलूपबंद प्रत त्याच्या दुकानातल्या लॅपटॉपवर ठेवायची, हे मोठ्या बाईंनीच ठरवलं. कुलूपबंद फाईल चोराच्या हाती लागली तरी काय, किल्लीवाचून ती नुसता दगडच.

एक दिवस सकाळी ऑफिस उघडायच्या आत तो वर आला. चिंब भिजलेला, छत्री नाही. ती एकटीच होती, काच पुसत होती.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "केव्हापासून सांगायचं होतं…"

आलं बाई एकदाचं ओठांवर! फडकं मागे लपवून तिने केस सारखे केले. "सांग ना…"

"रात्री दुकान फोडलं. लॅपटॉप गेला."

"अरे देवा! पण फायली कुलूपबंद होत्या ना? तूच तर म्हणतोस…"

"किल्लीची एक प्रत मी ठेवली होती. त्यातच."

तिने फडकं टेबलावर ठेवलं.

"माझं वाक्य तुला माहीत नाही," ती म्हणाली. "तू भिंतीकडे तोंड करायचास."

"किल्ली तुझ्या घरी न्यायची होती तेव्हा मी तिला एक तात्पुरता शब्द लावला होता. तू नंतर वाक्य बदललंस, पण ते तुझ्या काँप्युटरवर बदललं. माझी प्रत अजून त्या शब्दानेच उघडते. सोपा शब्द आहे. कुणी नेट लावून बसलं तर दिवसाभरात…"

"का ठेवलीस?"

"ती शिवणवाली… दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज बंद झाला होता. मला वाटलं, परत कधी तुझी किल्ली हरवली तर… तिसऱ्यांदा नको."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"इथे येणाऱ्या प्रत्येक बाईचा नवरा हेच म्हणतो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "तिच्या भल्यासाठीच केलं. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तो गेला नाही, कारण सांगायचं अजून संपलं नव्हतं. दुकानात त्याहून नवे लॅपटॉप होते, त्यांना हातही लागला नव्हता. आणि मधे एक माणूस फोन दुरुस्त करायला म्हणून आला होता. वर बायका कोण जातात, त्यांचे काँप्युटर कोण बघतं, असल्या चौकशा करत होता.

"कसा होता दिसायला?"

"उंच. गोड बोलणारा. डाव्या भुवईवर जुनी खोक."

ती खोक तिने स्वतःच्या हाताने दोनदा टाइप केली होती. शिवणवालीचा नवरा.

मोठ्या बाई आल्या आणि सगळं ऐकून त्यांनी लगेच गाडीची किल्ली उचलली. फायलीत पत्ता असलेल्या प्रत्येकीला फोन गेले. बाकीच्यांची सोय होईल तशी होणार होती, शिवणवालीला मात्र आत्ताच्या आत्ता हलवायला हवं होतं.

तिची खोली छोटीशी होती. खिडकीला तिने उरलेल्या गणवेशाच्या कापडाचा नवा पडदा लावला होता. लहानगा दप्तर पाठीला लावून शाळेत जायला निघालेलाच होता.

"कुणामुळे?" शिवणवालीने विचारलं.

"आमच्यामुळे," धाकट्या बाई म्हणाल्या.

"माझ्यामुळे," दारातून काँप्युटरवाला म्हणाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. सकाळच्या फोनाफोनीत पत्ता त्याच्या कानावर पडला होता, आणि शिलाईचं मशीन जड आहे, दोन बायकांना उचलणार नाही, एवढंच म्हणून तो बसने आला होता.

शिवणवालीने त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही चांगलेच असाल," ती म्हणाली. "पण माझं सगळं परत पहिल्यापासून. पोराची शाळा गेली, माझं काम गेलं. तुमच्या चांगुलपणाचं मी काय करू?"

त्याने शिलाई मशीन खांद्यावर घेतलं, जिना उतरून गाडीत ठेवलं. नवी जागा कुठली हे त्याने विचारलं नाही आणि त्याला कुणी सांगितलंही नाही. गाडीत लहानगा सारखा विचारत होता, आज गणिताचा पेपर आहे, मग शाळेतल्या बाई रागावतील ना? धाकट्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. काँप्युटरवाल्यावर त्यांचा जीव होता आणि त्या क्षणी त्यांना त्याचं तोंडही बघायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्या खोलीच्या घरमालकिणीचा फोन आला. डाव्या भुवईवर खोक असलेला एक माणूस बरोब्बर पत्ता घेऊन आला होता. दाराचं कुलूप तोडून त्याने खिडकीवरचा पडदा फाडला, घरमालकिणीला ढकललं, आणि पोलीस यायच्या आत पसार झाला.

मोठ्या बाईंनी फोन ठेवला. "तो सकाळी बोलला नसता, तर…" त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "तरीपण. तो आता आपल्या काँप्युटरला हात लावणार नाही."

"नाही लावणार," धाकट्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिने नवी किल्ली स्वतःच तयार केली. जुनी रद्द करायची होती. ज्या ज्या वकिलाकडे, आश्रमात, दवाखान्यात तिचं जुनं कुलूप होतं, त्या सगळ्यांना ते कळणार होतं. काँप्युटरच्या पडद्यावर प्रश्न आला, रद्द करण्याचं कारण काय? तिने निवडलं, किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली. खाली आणखी काही लिहायचं असल्यास एक मोकळी जागा होती. लोक ती तशीच सोडतात. तिने मात्र लिहिलं, 'ज्याच्याकडून गेली, त्याने स्वतः येऊन सांगितलं. त्यामुळे एक बाई वाचली.'

पाऊस थांबला होता. ती जिना उतरून खाली गेली. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. तो आत वाकून वायरी खोक्यात भरत होता, आणि मागे काँप्युटरच्या पडद्यावर तिने लिहिलेलं ते कारण उघडंच होतं. तिचं जुनं कुलूप त्याच्याकडेही होतं की, मग रद्द झाल्याचं त्यालाही कळणारच!

"दुसरीकडे जागा बघतोय," तो मान वर न करता म्हणाला. "वरच्यांना मी नजरेसमोर नको."

"तुझं वरचं काम गेलं. कायमचं."

"हो. बरोबर आहे."

"आणि माझा विश्वास… तोही सध्या नाही. परत बसेल की नाही ते माहीत नाही."

"मग आलीस कशाला?"

"मला काय माहीत!" आणि आता मात्र तिचा बांध फुटला. स्टुलावर बसून ती हमसून हमसून रडली. त्या पोराच्या पेपरासाठी, फाटलेल्या पडद्यासाठी, आणि या खुळ्या माणसासाठी. तो दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला. तिला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

"काल सकाळी," ती नाक पुसत म्हणाली, "मला वाटलं, तू दुसरंच काही सांगायला आलास."

"तेही सांगायचं होतं." तो म्हणाला. "पण ते आधी सांगितलं असतं, आणि तू हो म्हणाली असतीस… तर हे सांगायचा धीर मला झाला नसता. मी गप्प बसलो असतो."

गप्प बसला असता तर काल संध्याकाळी काय झालं असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"आता सांग," ती म्हणाली.

त्याने सांगितलं. नीट जमलं नाही, मधेच अडखळला, हातातली वायर नुसतीच गुंडाळत राहिला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझंही तेच आहे," ती म्हणाली. "त्याचाच राग येतोय." मग ती उठली. "उद्या मी त्या लहानग्याच्या नव्या शाळेत जातेय. बहुतेक रोज जावं लागेल. तिकडचं काही तुला सांगणार नाही, तू विचारायचं नाहीस."

"नाही विचारणार."

"आणि ही खोकी उघड. कुठे जायचं नाही."

शटरखालून वाकून ती बाहेर पडली आणि वर कामाला गेली. जिन्यात तिला मागे खोक्याची चिकटपट्टी सोडवल्याचा आवाज आला.