मठपती गुरुजींच्या डोक्यात अळी कशी गेली?

मठपती गुरुजींनी जन्मात अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं. कुणी केक पुढे केला की ते आधी त्याची चौकशी करत. तरीही एके दिवशी सातवीच्या वर्गात काटकोन काढता काढता ते खाली पडले आणि हातपाय झटकू लागले. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांच्या मेंदूचा स्कॅन काढला, तर त्यात एक पांढरा ठिपका. डॉक्टर म्हणाले, ही डुकराच्या फीतकृमीची (फितीसारखा लांब, चपटा जंत) अळी आहे.

गावात डुकरं फक्त आमच्याकडे, धोत्र्यांकडे. अकरा.

त्यामुळे गावाने हे कोडं दहा मिनिटांत सोडवलं. उपसरपंच निवृत्तीकाकांनी ठराव लिहिला : धोत्र्यांची डुकरं तीन दिवसांत गावाबाहेर. येत्या मंगळवारी ग्रामसभा, हात वर, की विषय संपला. डुकरं गेली की आम्हीही गेलो, कारण माझ्या वडिलांना, अप्पांना, दुसरं काम येत नाही. आणि मला दुसरी शाळा नको होती.

"पण आपल्या डुकराची अळी गुरुजींच्या डोक्यात गेली कशी?" मी अप्पांना विचारलं. "चालत?"

"यल्लू, मला काय विचारतेस? मॅडमला विचार."

मॅडम ही आमची सर्वांत मोठी डुकरीण. तिने माझी चप्पल हुंगली.

शनिवारी आरोग्य खात्याचा रोबोट आला. दिसायला पाण्याच्या टाकीसारखा, खाली चाकं. नाव चाचणे. हे आडनाव आहे. पहिलं नाव द्यायला खात्याला वेळ मिळाला नव्हता.

"नमस्कार," त्याने भर चौकात सरपंचबाईंना विचारलं, "आज सकाळी आपण शौचाला कुठे गेला होतात?"

सरपंचबाईंना एकदम महत्त्वाचं काम आठवलं. सगळ्यांनाच आठवलं. त्यामुळे चाचणेला घरं दाखवायला मी एकटीच उरले.

आमच्या गावात घरटी एक संडास आहे. वर सौरदिवा, आणि दार उघडलं की आतून आवाज येतो, "आपलं स्वागत आहे." निवृत्तीकाकांच्या संडासाने आमचं स्वागत केलं. आत कांदे होते.

"कांदा हवेशीर राहतो इथे," काका म्हणाले.

"आणि माणसं?" चाचणेने विचारलं.

"माणसंही हवेशीर जातात. रानात."

चाचणेने नोंद केली. मग त्याने गावातल्या प्रत्येकाकडून शौचाचा नमुना मागितला. लोकांनी आधी आरडाओरडा केला आणि मग नमुने श्रीखंडाच्या डब्यांतून आणून दिले. चारशे बारा डबे. एकाने डबा परत मागितला.

रविवारी दुपारी आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. म्हणजे मी बसले. चाचणेला बसता येत नाही.

"आता सांग. अळी डुकरातून गुरुजींकडे कशी गेली?"

"डुकरातून गेलीच नाही. माणसातून गेली."

"माणसातून?" मी पायरीवरून उठलेच.

"क्रमाने सांगतो," चाचणे म्हणाला. "डुकराच्या मांसात कधी कधी पुटी (पाण्याने भरलेली बारीक गाठ) असते. साबुदाण्याएवढी. तिच्यात अळी. मांस अर्धंकच्चं खाल्लं, तर ती अळी माणसाच्या आतड्यात जाते, डोक्यावरच्या आकड्यांनी तिथे लटकते आणि तीन-चार मीटर वाढते."

"पोटात? आणि त्या माणसाला कळत नाही?"

"बहुतेक वेळा नाही. पण त्याच्या शौचातून जंताची हजारो अंडी बाहेर पडत राहतात."

"आणि त्याने संडासात कांदे ठेवले असतील तर?"

"तर अंडी रानात. तिथून दोन रस्ते. पहिला : मोकाट डुक्कर ती घाण खातं, अळ्या त्याच्या मांसात शिरतात, आणि चक्र पुन्हा सुरू. दुसरा : अंडी भाजीला चिकटतात, नाहीतर साबण न लावलेल्या हाताला. ती माणसाच्या पोटात गेली, की अळ्यांना वाटतं आपण डुकरात आलो."

"गुरुजींमध्ये जाऊनही?"

"अळीला गुरुजींचा चष्मा दिसत नाही. ती रक्तातून कुठेही जाते. मेंदूत गेली, तर माणसाला झटके येतात."

माझ्या डोळ्यांपुढे गुरुजींचं जेवण आलं. ते पोह्यांवर, आमटीवर, काकडीवर, सगळ्यावर कच्ची कोथिंबीर घालत. धूत मात्र नसत. धुतली की वास जातो, असं त्यांचं म्हणणं.

"म्हणजे अर्धंकच्चं मांस खाल्लं तर पोटात जंत, आणि अंडी गिळली तर डोक्यात अळी!"

"बरोबर. शाकाहारी माणसाला दुसरा रस्ता पूर्ण मोकळा असतो."

"मग अंडी कुणाची?"

"गावात एकाच माणसाच्या पोटात जंत आहे. तुमच्या घरातल्या चौघांपैकी कुणी नाही, एवढं तुम्हाला सांगता येतं. नाव फोडलं तर खातं मला परत लिफ्टमध्ये पाठवेल. तिथे मी दोन वर्षं 'दुसरा मजला' म्हणत होतो."

मंगळवारी ग्रामसभेत मी उभी राहिले. चाचणेने सांगितलेलं सगळं क्रमाने सांगितलं.

"डुकरं हाकलली तरी जंत गावातच राहणार," मी म्हटलं. "अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात. आणि सगळ्यात जास्त धोका त्या माणसाच्या घरच्यांना. कारण तोच हात, तेच ताट."

निवृत्तीकाका मांडीवरच्या नातीला शेंगदाणे भरवत होते. त्यांचा हात मध्येच थांबला.

अप्पा उठले. "माझीही चूक आहे. मी डुकरं मोकाट सोडली. कुंपण घालतो."

"मग ठराव मताला टाकायचा का?" सरपंचबाईंनी विचारलं.

"मागे घेतो," काका म्हणाले.

"कारण काय लिहू?"

"काहीही लिहा."

संध्याकाळी काका आमच्या घरी आले. बराच वेळ पत्र्याची तारीफ केली. मग अप्पांना म्हणाले, "शिद्राम, ते... डुकराचं... पुरतं शिजायला किती वेळ लागतो?"

"का हो?"

"आमच्या घरात मटणसुद्धा चालत नाही. गेल्या दिवाळीत रानात आम्ही दोघा-तिघांनी... धूर दिसेल म्हणून लवकर उतरवलं."

मला हसू फुटणार होतं. माझ्या आईने, अव्वाने, चिमटा काढला. अप्पा हसले नाहीत.

"आतला गुलाबीपणा पार जाईपर्यंत शिजवायचं, काका. धूर होऊ द्यायचा."

"मी नाव घेतलेलं नाही," चाचणे अंगणातून म्हणाला. "औषध डॉक्टरांसमोर घ्या. नातीलाही दाखवा."

काकांनी औषध घेतलं. नात ठणठणीत निघाली. गुरुजींचे उपचार चालू आहेत, ठिपका लहान होतोय, ते कोथिंबीर तीन पाण्यांनी धुतात आणि वास गेल्याची तक्रार करतात. अकराही डुकरांना या जंताविरुद्धची लस टोचली. मॅडमचे कान काकांनी धरले होते.

सहा महिन्यांनी चाचणे परत आला. या वेळी चारशे तेरा डबे, कारण मधल्या काळात तेल्यांकडे बाळ झालं. जंत शून्य.

"आता काय?" मी विचारलं.

"शेजारचं गाव. तिथे सोळाशे माणसं आहेत," तो म्हणाला. "घरं दाखवायला कुणी मिळेलसं वाटत नाही."

शाळेला सुट्टी होती. मी चपला घातल्या.