सुपारी फुटायच्या आधी

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीत मेंढरं सोडायचे ते दिवस. वालूरहून सेलूला निघालेली विजयमाला स्कूटीसकट अशी अडकली, की पुढं मेंढरं, मागं मेंढरं, आणि हॉर्नला भीक घालील असं त्यांच्यात एकही नाही.

"हॉर्न वाजवून फायदा न्हाई," बाभळीखालून आवाज आला.

खांद्यावर घोंगडी, काखेत कोकरू, आणि चेहऱ्यावर हसू दाबल्याचा भाव... असा एक उंच पोरगा सावकाश पुढं आला.

"मला उशीर व्हायलाय. सारा की त्यांना बाजूला."

"ऐकतेत कुठं ती माझं," तो म्हणाला. "हे जरा धरा बरं, बघतो."

आणि चक्क कोकरू तिच्या मांडीवर ठेवून मोकळा झाला. ते ऊबदार, थरथरतं पिल्लू तिच्या ओढणीत तोंड खुपसून बसलं. इकडं ह्यानं तोंडात बोटं घालून एक शीळ मारली मात्र, सगळा कळप गुमान रस्त्याच्या कडेला. विजयमाला बघतच राहिली.

"अशी शीळ मघाशी घालता आली नसती का?"

"आली असती की," तो म्हणाला. "पर मग तुमी लगेच गेल्या असता."

आता ह्याला काय म्हणावं? दुसऱ्या कुणी सतरा कारणं सांगितली असती. ह्यानं पोटातलं ओठावर आणलं आणि वर लाजलाही. विजयमाला स्कूटी काढून निघाली खरी, पण सेलू येईपर्यंत एकटीच हसत होती.

सेलूत मोबाईलचं छोटंसं दुकान ती एकटी चालवायची. चार दिवसांनी, स्कूटीवरचं दुकानाचं नाव वाचून, तो तिथं हजर झाला. झरीचा बिरदेव. फोनवर काच बसवून घेतली आणि गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, काच फुटलेली.

"परवाच तर बसवली होती. फुटली कशी?"

तो खाली बघत राहिला. "फुटली न्हाई... फोडली."

"मुद्दाम?"

"मग काय करू? उगंच येऊन बसलो तर लोक नावं ठेवतील तुमाला."

तिनं काच बदलायला घेतली, पण उलटीच बसवली. खरं सांगायचं तर तो तिला आवडायला लागला होता. लय आवडायला लागला होता. गोड बोलणारे तिनं गिऱ्हाइकांत ढीगभर पाहिले होते. ज्याला खोटं बोलताच येत नाही, असा हा पहिलाच.

होळीच्या सुमारास त्यानं विचारलं, "माझ्या रामहरीमामाला मागणी घालायला तुमच्या घरी पाठवू का?"

"आमचे आबा मेंढरावाल्याला पोरगी देणार न्हाईत."

हे खरं होतं. तिचा बाप येडबा जन्मभर मेंढरांमागं हिंडून वैतागला, कळप विकून त्यानं वालुरात किराणा टाकला, आणि पोरगी ह्या वनवासात घालायची नाही अशी शपथ घेतली.

"आबांचं कळलं," बिरदेव म्हणाला. "तुमचं काय म्हणणं?"

तिनं काच दाबून बसवली, पुसली, पुन्हा पुसली.

"पाठवा."

ठरल्या दिवशी पाव्हणे आले. पोह्यांचं ताट घेऊन विजयमाला बाहेर आली, आणि मामाचं बोलणं ऐकून जागीच थबकली.

"पोरगं पुण्याला कंपनीत हाय. पार्ट बनवतेत, पार्ट."

मामा ही थाप आधीच मारून बसला होता. बिरदेवला बिचाऱ्याला जीपमध्ये कळलं. इस्त्रीच्या शर्टात तो अंग चोरून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. येडबा मात्र खूष. सोयरीक जमली म्हणून त्यानं पाटावर सुपारी ठेवली आणि फोडायला बत्ता मागवला.

बिरदेवला फक्त गप्प बसायचं होतं, बाकी काही नाही. गप्प बसला तर विजयमाला त्याची, बोलला तर दार बंद. बोलू नका, असं विजयमालाचं अर्धं मन म्हणत होतं. आणि हा गप्प बसला तर मला आवडलेला माणूस हा नव्हेच, असं उरलेलं अर्धं.

येडबानं बत्ता उचलला.

"थांबा," बिरदेव म्हणाला. "मी कंपनीत न्हाई. मी मेंढरं राखतो. पुणं अजून बघितलं बी न्हाई."

मामाला पोह्यांचा ठसका लागला.

"मामाला बोलू नका, त्यानं माझ्यासाठीच केलं. पर... फसवून न्यावी अशी पोरगी न्हाई ती. तुमी न्हाई म्हणलाव तरी चालंल."

शाबास रे पठ्ठ्या! हातातोंडाशी आलेला घास असा खाली ठेवायला काळीज लागतं.

येडबाचा चेहरा उतरला, मग तापला. "खोटं बोलून दारात आलाव. उठा."

बिरदेव उठला. आता गोष्टीचा कासरा विजयमालाच्या हातात होता. शहाण्या पोरी अशा वेळी आत जाऊन रडतात. पोहे वाटून रिकामं झालेलं ताट तिनं खाली ठेवलं आणि बापासमोर येऊन बसली.

"आबा, ते काय करतेत ते मला ठाऊक होतं. मला हीच सोयरीक पायजे."

"मेंढरामागं हिंडशील?"

"मी दुकान चालवीन. मेंढरं त्यांची, दुकान माझं."

"दुकान सोडा म्हणलं कोण?" बिरदेव दारातूनच म्हणाला.

"तू मधी बोलू नको," येडबा ओरडला. "पहिल्याच दिवशी लबाडी! आमच्या खानदानात असं कुणी केलं न्हाई."

आतून हसू ऐकू आलं. विजयमालाची माय, कासाबाई, पदराला हात पुशीत उंबऱ्यात आली.

"आवं, तुमी आमाला घर बघायला बोलावलं तवा काय दाखवलं होतं? भला मोठा कळप. माझा बाप हरखून गेला. त्यातली निम्मी मेंढरं तुमच्या शेजारच्या चंद्रभानची होती, उसनी आणलेली."

येडबाच्या हातातला बत्ता तसाच राहिला. "तुला... कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? निम्म्यांच्या कानाच्या खुणा येगळ्या होत्या, दुसऱ्या धन्याच्या. बापाला दिसल्या न्हाईत, मला दिसल्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी घामाघूम झालता. म्हणलं, ह्या माणसाला खोटं पचत न्हाई, आज ना उद्या सांगंल." कासाबाईनं बिरदेवकडं बघितलं. "एवढी वर्षं वाट बघायले मी. ह्या पोरानं सुपारी फुटायच्या आधी सांगितलं."

येडबानं बायकोकडं बघितलं आणि मान खाली घातली. नंतर बिरदेवला म्हणाला, "बस खाली." आणि घसा खाकरून, "कानाची खूण काय तुमच्यात?"

"डाव्या कानाला खाच."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

येडबानं बत्ता हाणला. सुपारीचे तुकडे उडाले, एक मामाच्या पोह्यांत पडला, आणि कासाबाईनं डोळे पुसत साखर आणायला आत धाव घेतली.

निघताना जीप अंगणात सुरू झाली, तरी बिरदेव लिंबाखाली विजयमालाजवळच उभा. वर कोवळा मोहर होता आणि दोघांच्या केसांत पडत होता.

"भ्या वाटलं न्हाई? मी हातची गेले असते."

"लय वाटलं. पर खोटं बोलून तुमच्याकडं बघता आलं नसतं... आन बघायला तर मला लय आवडतं."

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही.

"गप्प बसला असताव ना, तर मीच सोयरीक मोडली असती."

"आन रडल्या असता?"

"लय रडले असते. मला तुमी लय आवडताव, म्हणून."

मामानं जीपमधून हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मग दाबूनच धरला.

"हॉर्न वाजायलाय," ती म्हणाली.

"वाजू द्या," बिरदेव म्हणाला. "फायदा न्हाई."